पंपावरची रांग आणि गव्हाणीतला ऊस



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या बोलण्यात चारच विषय असतात. उतारा किती लागला, टनेज किती पडलं, तोडणीची पाळी कधी येणार आणि पहिला हप्ता किती मिळणार. डिझेलचा विषय सहसा कुणी काढत नाही. ते पंपावर मिळतंच, असं आपण धरून चालतो. ज्या दिवशी ते मिळत नाही, त्या दिवशी मात्र जो तो कॅन घेऊन पळत सुटतो आणि फडात तुटून पडलेला ऊस तिथंच वाळत राहतो. या पळापळीविषयी आणि ती कशी टाळता येईल याविषयी चार शब्द लिहावेत, असे वाटले म्हणून हा लेखनप्रपंच.

जानेवारी २०२४ चे पहिले दोन दिवस सर्वांच्या स्मरणात असतील. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मधील दुसऱ्या पोटकलमात, अपघात करून पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद होती. त्याविरुद्ध देशभरचे ट्रक व टँकरचालक काम बंद ठेवून बसले. आपल्या राज्यात मनमाडजवळच्या पानेवाडी येथे तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत. तिथले टँकर १ जानेवारीला उभे राहिले आणि उत्तर महाराष्ट्र व मराठवाड्यातल्या पंपांकडे जाणारा पुरवठा थांबला. बातमी फिरली तशा नागपूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर अशा सगळीकडे पंपांवर रांगा लागल्या. चंदीगडच्या प्रशासनाने तर २ जानेवारीला दुचाकीला २ लिटर आणि चारचाकीला ५ लिटर अशी मर्यादाच घातली. हैदराबादेत घरपोच जेवण पोचवणारा एक तरुण चक्क घोड्यावर बसून निघाला. त्याच दिवशी रात्री केंद्रीय गृहसचिव आणि वाहतूकदार संघटना यांची बैठक होऊन आंदोलन मागे घेण्यात आले. पुढे १ जुलै २०२४ रोजी नवी संहिता अंमलात आली, तेव्हा हे पोटकलम तेवढे बाजूला ठेवण्यात आले.

म्हणजे सगळा मामला दोन दिवसांचा. पण हे दोन दिवस ऐन हंगामातले होते, हे आपल्या दृष्टीने महत्त्वाचे. शहरात दोन दिवस पेट्रोल नाही म्हटलं तर माणूस बसने जातो, फार तर घरी बसतो. आपल्याकडे त्या दोन दिवसांत ऊस तुटलेला असतो, टोळ्या फडात असतात, आणि कारखान्याची गव्हाण तोंड उघडून बसलेली असते.

तुटवडा खरा किती, आपण केलेला किती?

यात थोडा हिशेब करण्यासारखा आहे. समजा, एका पंपाच्या आसऱ्याला आसपासच्या गावांतल्या १,००० मोटारसायकली आहेत. टाकी धरू १० लिटरची. आपली पद्धत म्हणजे दर दोन दिवसांनी दोन लिटर घालायचे. म्हणजे रोजचा खप झाला १,००० लिटर. कुठल्याही दिवशी टाकीत सरासरी तीन लिटर असणार. आता एके दिवशी सकाळी कुणीतरी म्हणतो, "उद्यापासून पेट्रोल बंद." झालं! हजारच्या हजार गाड्या पंपावर, आणि प्रत्येकाची टाकी फुल्ल. प्रत्येकी सात लिटर म्हणजे एका दिवसात ७,००० लिटर. सात दिवसांचा माल एका दिवसात संपला. कुणी एक किलोमीटर जास्त फिरलेला नाही. पंपाच्या हौदातले पेट्रोल उचलून आपण आपापल्या टाकीत नेऊन ठेवले, एवढेच घडले. टँकर वेळेवर येत असता तरीही त्या दिवशी पंप कोरडाच पडला असता.

त्या पेट्रोलपैकी निम्म्याहून अधिक पुढचे चार-सहा दिवस टाक्यांमध्ये नुसते हिंदकळत राहते. आणि ज्याला खरोखर दवाखान्यात जायचे आहे, दूध डेअरीला घालायचे आहे, तो रिकाम्या पंपासमोर उभा राहतो.

ही खोड फक्त आपलीच आहे असे नाही. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ मध्ये टँकरचालक कमी पडले. तेलशुद्धीकरण कारखान्यांत माल होता, पण काही पंप बंद राहणार अशी बातमी आली आणि लोकांनी एवढी गर्दी केली की ऑक्टोबरच्या सुरुवातीला टँकर चालवायला लष्कराचे जवान आणावे लागले. अमेरिकेत १९७९ च्या टंचाईत लोक जवळजवळ भरलेली टाकी घेऊन पुन्हा रांगेत उभे राहू लागले. तेव्हा काही राज्यांनी उलटा नियम केला. टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली असेल तर रांगेत यायचे नाही, किंवा ठराविक रकमेच्या खाली पेट्रोल विकत घ्यायचे नाही. रांग वाढवतो तो भरलेल्या टाकीचा माणूस, हे त्यांच्या ध्यानात आले होते. आपल्या ध्यानात ते कधी यायचे?

हे काही पहिल्यांदा घडलेले नाही

"कधीतरी दोन दिवस होतं, त्याचं एवढं काय?" असे म्हणणारे सभासद आहेत. त्यांच्यासाठी थोडी उजळणी करतो.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध झाले आणि अरब देशांनी तेल रोखले. पिंपामागे सुमारे ३ डॉलर असलेला भाव जानेवारी १९७४ पर्यंत १२ डॉलरच्या घरात गेला. त्याच नोव्हेंबरमध्ये अटलबिहारी वाजपेयी दरवाढीचा निषेध म्हणून बैलगाडीत बसून संसदेत गेले होते. दिल्लीकरांना त्याचे अप्रूप वाटले असेल. आपल्या कारखान्यांचे गाडीतळ त्या काळी बैलगाड्यांनीच भरलेले असायचे, त्यामुळे आपल्याला त्यात नवल ते काय!

पुढे १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली आणि तेल पुन्हा भडकले. त्याच वर्षाच्या अखेरीस आसामातील आंदोलकांनी बरौनीच्या शुद्धीकरण कारखान्याकडे जाणारे कच्चे तेल अडवले. त्या काळात ज्यांनी डिझेल इंजिनावर विहिरीचे पाणी उपसले, त्यांना डिझेलसाठी केलेल्या खेपा आठवत असतील. डिझेलमध्ये रॉकेल मिसळून इंजिन चालवायची आणि मग पंप-नोझल दुरुस्तीला दुप्पट पैसे घालवायची रीतही तेव्हाचीच. रॉकेलला डिझेलएवढे वंगण नसते, त्यामुळे इंधन पंप आतून घासला जातो. ही चूक आता तरी कुणी करू नये.

अगदी अलीकडचे सांगायचे तर मार्च २०२२ मध्ये घाऊक ग्राहकांचे डिझेल लिटरमागे सुमारे २५ रुपयांनी महागले आणि पंपावरचा दर होता तोच राहिला. साहजिकच कारखानदार, बसवाले, बांधकामवाले मोठी गिऱ्हाइके पंपावर आली. काही खाजगी कंपन्यांनी तोटा नको म्हणून विक्री आवरती घेतली. जून २०२२ मध्ये अनेक राज्यांत ठिकठिकाणी पंप कोरडे पडले. शेवटी, पंप उघडलाय तर सर्वांना माल पुरवलाच पाहिजे, असे बंधन केंद्र सरकारने सर्व किरकोळ पंपांना लागू केले.

कारण दर वेळी वेगळे. कधी युद्ध, कधी आंदोलन, कधी दराचा घोळ. त्यातले एकही कारण आपल्या हातातले नाही. पण ते आपल्या दारात येऊन उभे राहिल्यावर काय करायचे, हे मात्र सर्वस्वी आपल्या हातात आहे. बैल गेल्यावर झोपा करून उपयोग नाही.

"आपणच इंधन करतो, आपल्याला काय कमी?"

काही तरुण सभासद असे म्हणताना ऐकले. त्यांचा अभिमान रास्त आहे. साखर कारखान्यांच्या इथेनॉलचा देशाच्या पेट्रोलमध्ये मोठा वाटा आहे आणि २०२५ मध्ये मिश्रण २० टक्क्यांपर्यंत पोचले. पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक म्हणजे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळते, आणि आपला ट्रॅक्टर चालतो डिझेलवर. दुसरे म्हणजे इथेनॉल डिस्टिलरीतून थेट आपल्या मोटारसायकलीत येत नाही. ते टँकरने तेल कंपनीच्या डेपोत जाते, तिथे मिसळले जाते आणि पुन्हा टँकरनेच पंपावर येते. टँकर थांबला की आमचे इथेनॉल आमच्या हौदात आणि आमची गाडी पंपाच्या रांगेत.

आता दुसरी बाजू पाहा. कारखाना चालतो तो स्वतःच्या भुशावर. बॉयलरला भुसा, टर्बाइनला वाफ, तिथून वीज. गाळपासाठी बाहेरून डिझेल फारसे लागत नाही. डिझेल लागते ते फडापासून काट्यापर्यंत. म्हणजे सगळा कारखाना जागेवर तयार असताना केवळ त्या पाच-पंचवीस किलोमीटरसाठी तो 'नो केन' म्हणून बंद पडू शकतो. आपली दुखरी नस ती आहे.

आधी कोयता थांबवा

माझे पहिले आणि मुख्य म्हणणे हे आहे. डिझेलची टंचाई दिसू लागली की बहुतेक ठिकाणी उलटे घडते. "उद्या गाडी मिळंल न मिळंल, आजच तोडून टाका," म्हणून सभासद मुकादमाच्या मागे लागतो. टोळी एका दिवसात दोन दिवसांचा ऊस पाडते आणि मग गाडी येत नाही.

उभा ऊस दोन दिवस थांबला तर फारसे बिघडत नाही. तो जमिनीत आहे, जिवंत आहे. तुटलेला ऊस मात्र त्या क्षणापासून वाळायला लागतो. पाणी उडते तसे वजन घटते, आणि साखरेचे विघटन सुरू होते. जानेवारीच्या थंडीत ते सावकाश होते, मार्च-एप्रिलच्या उन्हात झपाट्याने. जळीत ऊस असेल तर विचारूच नका.

पैशात सांगतो. समजा जोड ट्रेलरमधला २० टन ऊस दोन दिवस पडून राहिला आणि वजनात ३ टक्के घट आली. म्हणजे ६०० किलो गेले. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्राने १०.२५ टक्के मूळ उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये एफआरपी ठरवून दिली. त्या दराने, तोडणी-वाहतूक वजा जाण्याआधी, २,१३० रुपये झाले. हे वजन काट्यावर येण्याआधीच उडालेले असल्यामुळे त्याची पावती कुणी देत नाही. आणि साखर जी कमी झाली तिचा फटका त्या एकट्या सभासदाला बसत नाही. शिळा ऊस सर्वांच्या उसात मिसळून गाळला जातो, उतारा सर्वांचा घसरतो आणि पुढच्या हंगामाचा भाव सर्वांचाच खाली येतो. म्हणून दुसऱ्याच्या फडातला शिळा ऊस हा आपलाही तोटा आहे, हे प्रत्येकाने पक्के ध्यानात ठेवावे.

म्हणून नियम एकच असावा. जेवढ्या गाड्यांना आज डिझेल आहे तेवढाच ऊस आज तोडायचा. डिझेल किती आहे ते शेतकी खात्याने संध्याकाळी मोजावे, त्याप्रमाणे गटवार आकडा ठरवावा, आणि चिटबॉयने त्या आकड्यापुढे चिठ्ठी फाडू नये. मग सभासद कितीही मोठा असो.

पाळीचा अवघड प्रश्न

येथे खरी अडचण सुरू होते. डिझेल अपुरे असेल तर शहाणपण हेच की कारखान्याजवळचा ऊस आधी आणावा. दहा-बारा किलोमीटरच्या आतल्या फडांना बैलगाड्या चालतात. एका टायरगाडीत दोन-अडीच टन ऊस येतो आणि डिझेल एक थेंबही लागत नाही. ट्रॅक्टरही जवळच्या फडातून त्याच डिझेलमध्ये तिप्पट खेपा मारतो. पण असे केले की तोडणीच्या तारखांचा क्रम मोडतो. लांबच्या गटातला सभासद म्हणणार, "माझी लागण आधीची, नोंद आधीची, आणि तोड त्याला? टंचाईच्या नावाखाली जवळच्यांचं भलं चाललंय."

त्याचे म्हणणे खोटे नाही. त्याला गव्हासाठी रान मोकळे करायचे असेल, त्याच्या आडसालीला तुरे आले असतील. आणि आजवर कधी अडचणीच्या नावाखाली वशिला चाललाच नाही, असे छातीठोकपणे कोण म्हणेल? म्हणून नुसते "समजून घ्या" म्हणून भागणार नाही. त्याला लेखी हमी पाहिजे. टंचाईत ज्या प्लॉटची तोड पुढे ढकलली त्याच्या नोंदीवर तारखेचा शिक्का मारावा. पुरवठा सुरळीत झाला की पहिल्या गाड्या त्या शिक्क्याच्या प्लॉटना, त्यांच्यामध्ये दुसरा कुणी घुसणार नाही. ही यादी गट ऑफिसच्या फळ्यावर रोज लावावी. फळ्यावरचे नाव सगळ्यांना दिसते, त्यामुळे ते खोडायला कुणाचा हात सहसा धजत नाही.

एवढे केले तर लांबच्या सभासदाने दोन-चार दिवस कळ सोसावी, असे त्याला तोंडावर सांगायचा अधिकार आपल्याला येतो. तोपर्यंत नाही.

बैलांच्या बाबतीतही एक सांगणे आहे. डिझेल नाही म्हणून बैलगाडीवर साडेतीन-चार टन रचू नका. मुक्या जनावराला बोलता येत नाही आणि चढावर घसरलेली गाडी हंगामभराची जोडी अधू करून जाते.

कोयत्याचे पोट

तोड थांबवा म्हणणे मला-तुम्हाला सोपे आहे. टोळीतल्या माणसाला मजुरी टनावर मिळते. तोड थांबली की त्याची मजुरी थांबली, आणि डोक्यावरची उचल तशीच राहिली. बीड-अहिल्यानगरच्या डोंगरपट्ट्यातून लेकरंबाळं घेऊन आलेल्या माणसाने तेलाच्या टंचाईचा भार एकट्याने का उचलावा?

म्हणून माझी सूचना अशी आहे. लांबच्या फडातली टोळी थांबवायची असेल तर आधी तिला बैलगाडीच्या टापूतल्या फडात भर घालायला नेता येते का ते पाहावे. ते जमत नसेल तर थांबलेल्या दिवसांची खावटी कारखान्याने व वाहतूकदाराने मिळून द्यावी, आणि ती उचलीत मिळवू नये. दोन दिवसांच्या खावटीला जेवढे पैसे लागतील त्याहून कितीतरी अधिक नुकसान शिळ्या उसाने होते. वरती हिशेब दिलाच आहे.

यार्डातला धूर

आता ट्रॅक्टरवाल्या बंधूंना. काट्यापुढच्या रांगेत उभे राहून गाडी चार-सहा तास चालू-बंद, पुढे-मागे करीत राहायची ही आपली जुनी सवय. दोन ट्रॉल्यांचे ओझे ओढताना ५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर तासाला चार-पाच लिटर डिझेल खातो, ते कामाला तरी लागते. रांगेत नुसता घुरघुरत राहिलेला ट्रॅक्टर कमी खातो, पण खातोच, आणि ते सगळे फुकट. शंभर गाड्यांचे तासाला अर्धा-अर्धा लिटर धरले तरी चार तासांत २०० लिटर धुरात गेले. तेवढ्यात किती खेपा झाल्या असत्या ते तुम्हीच मोजा.

यावर उपाय अवघड नाही. यार्डात शिरताना क्रमांकाचा बिल्ला द्यावा, इंजिन बंद करावे, आणि वीस-वीस गाड्या क्रमांक पुकारून काट्यावर घ्याव्यात. टायरमध्ये हवा पुरती असावी, एअर फिल्टर साफ असावा. आणि रिकामी ट्रॉली परत जाताना त्याच वाटेवरच्या सभासदांचे खत, कंपोस्ट, किराणा घेऊन जावी. खेप तीच, डिझेल तेच.

घरी काय करावे

टंचाई म्हटली की घरात बाटल्या-कॅन भरून ठेवायची घाई होते. हे सर्वांत धोक्याचे. पेट्रोलची वाफ डोळ्यांना दिसत नाही, पण ती जमिनीलगत पसरते आणि चुलीपर्यंत, देवापुढच्या निरांजनापर्यंत पोचते. पेट्रोलियम कायदा १९३४ नुसार स्वतःच्या वापराचे पेट्रोल परवान्याशिवाय ३० लिटरपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि तेही धातूच्या घट्ट झाकणाच्या भांड्यात. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांत तर नाहीच नाही. टोळ्यांच्या कोप्यांजवळ पाचटाचे ढीग असतात आणि बाहेर चुली पेटलेल्या असतात. तिथे पेट्रोलची एक बाटली म्हणजे सगळ्या वस्तीच्या जिवाशी खेळ. तिथे कुणी ती ठेवायला दिली तर मुकादमाने सरळ नाही म्हणावे.

आणखी एक गोष्ट. पेट्रोलमधले इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. नीट झाकण नसलेल्या डब्यात महिनोन्महिने साठवले तर पाणी व इथेनॉल तळाशी वेगळे होऊन गाडी बंद पडते. म्हणजे साठवून गैरसोयच जास्त.

एका गाडीतले दुसऱ्या गाडीत काढताना नळी तोंडाने ओढू नका. पोटात गेले तर वाईटच, पण ठसका लागून फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते. कुणाच्या पोटात गेलेच तर ओकारी काढायला लावू नका, तडक दवाखान्यात न्या. या कामाला हातपंप मिळतो, तो टोळीत किंवा वाड्यावर एक असला की पुरे.

बाकीच्या गोष्टी आपल्या आयाबायांना आपल्यापेक्षा चांगल्या कळतात. तालुक्याला जायचे तर चार घरची कामे एका फेरीत करावीत. बँकेत एकाने, कृषी सेवा केंद्रात दुसऱ्याने, पण गाडी एकच. डेअरीला दूध गल्लीतल्या एकानेच न्यावे, आळीपाळीने. शेतावर जायला सायकल आहे, पाय आहेत. आणि प्रत्येक वस्तीवर एका गाडीची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही, रात्री-अपरात्री बाळंतिणीला किंवा साप चावलेल्याला न्यायला. ती गाडी कुणाची, हे सगळ्या वस्तीला आधीच माहीत असावे.

सभेपुढे ठराव यावा

हे सगळे टंचाई आल्यावर सांगून उपयोग नसतो. त्या वेळी कुणी कुणाचे ऐकत नाही. म्हणून माझी संचालक मंडळाला नम्र विनंती आहे की येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे इंधन टंचाईचा विषय रीतसर घ्यावा आणि ठराव करावा. त्यात निदान एवढ्या बाबी याव्यात :

१) हंगामात ऊस वाहतुकीसाठी काही दिवसांचे डिझेल परवान्याच्या अटी पाळून राखीव ठेवावे, आणि रोजचा शिल्लक साठा फळ्यावर लिहावा.

२) टंचाईत डिझेल देण्याचा क्रम ठरवावा. पहिली रुग्णवाहिका, दुसरा तुटलेला ऊस, तिसरी दुधाची गाडी व पाण्याचा टँकर, मग बाकीचे.

३) त्या दिवसांत कॅनमध्ये डिझेल नाही. गाडी आणा, नंबर लिहा, ठरलेले लिटर घ्या.

४) पुढे ढकललेल्या प्लॉटची शिक्क्याची यादी आणि थांबलेल्या टोळ्यांची खावटी ठरावातच लिहिलेली असावी, कुणाच्या मर्जीवर नको.

५) या क्रमाला अपवाद नाही. चेअरमनसाहेबांची गाडी असो, संचालकांची असो, की आणखी कुणा पुढाऱ्याची, ती रांगेतच उभी राहील.

पाचवी बाब वाचून कुणाला राग येईल. पण रांगेत उभी राहिलेली संचालकाची एक गाडी जेवढी शिस्त लावते, तेवढी दहा परिपत्रके लावू शकत नाहीत. सभासद मागच्या दाराने भरलेला कॅन बघतो तेव्हा तोही आपला कॅन घेऊन धावतो, आणि मग त्याला दोष देता येत नाही.

शेअर घेतला तेव्हा आपण फक्त साखर आणि भाव यांचे भागीदार झालो नाही. काटा एक, गव्हाण एक, उतारा एक, तसा अडचणीच्या दिवसात डिझेलचा हौदही एकच आहे, असे समजून वागायचे आहे. माझी टाकी फुल्ल आणि शेजाऱ्याचा ऊस वाळलेला, यात माझा फायदा नाही. तो उतारा माझ्याही बिलात येणार आहे.

सभेची नोटीस निघेल तेव्हा विषयपत्रिकेत हा विषय आहे की नाही ते पाहा. नसला तर मुदतीत लेखी मागणी करा. गटातल्या चार सभासदांनी सह्या केल्या तरी पुरे. आणि सभेला या. चहापुरते येऊ नका, ठराव वाचून होईपर्यंत बसा. दुरुस्ती सुचवायची असेल तर उठून सुचवा. माझ्या पाच बाबींत ज्याला खोट दिसते त्याने ती सभेत दाखवावी, मला आनंदच होईल.

कळावे,

एक ऊस उत्पादक सभासद